उत्तरेचे ऊन

मेलबर्नच्या सरकारी बांधकाम खात्यात एलायजा पेन्रोजने जितक्या इमारती रेखाटल्या, तितक्या त्याच्या पिढीत दुसऱ्या कोणी रेखाटल्या असतील असे वाटत नाही. आणि तरीही एकाही नकाशावर त्याचे पूर्ण नाव नव्हते. खात्याची रीतच तशी होती. इमारत कोणीही कल्पिली तरी तळाशी सही होई ती प्रमुख वास्तुविशारदाची. ज्याने नकाशा काढला त्याची आद्याक्षरे उजव्या कोपऱ्यात, आणि ज्याने तो तपासला त्याची त्याखाली, मुंगीच्या पावलाएवढी. दुसऱ्या वास्तुविशारदाने तपासून आद्याक्षरे घातल्याशिवाय कोणताही नकाशा कंत्राटदाराच्या हाती पडत नसे. चूक निघालीच, तर ती नकाशा काढणाऱ्याइतकीच तपासणाऱ्याची.

सोन्याच्या शोधात लोटलेल्या गर्दीबरोबर इंग्लंडातल्या कॉर्नवॉलहून आलेल्या एका सुताराचा हा मुलगा. बापाला सोने मिळाले नाही. खिडक्यांच्या चौकटी आणि शवपेट्या करून त्याने संसार चालवला. एलायजा मिसरूड फुटण्याआधीच खात्यात उमेदवार म्हणून शिरला आणि वीस वर्षांत त्याने त्या ब्रिटिश वसाहतभर पोस्ट कचेऱ्या, पोलीस चौक्या, दारूगोळ्याची कोठारे आणि एका तुरुंगाचे संडाससुद्धा उभे केले. त्या संडासांबद्दल तुरुंगाधिकाऱ्याने आभार मानले होते. पेन्रोजच्या कामाची तोंडभर स्तुती झाल्याचा तेवढाच एक प्रसंग सांगता येतो.

त्याला न्यायालये बांधायची होती. खात्यात न्यायालयांची शाखा वेगळी होती आणि तिचा मान मोठा होता. शाखेचे प्रमुख डॅल्गार्नो, करड्या मिशांचे स्कॉटिश गृहस्थ, दोन वर्षांत निवृत्त व्हायचे होते. त्यांच्यानंतर त्या खुर्चीवर पेन्रोज बसणार हे कोणी बोलून दाखवले नव्हते, पण कोणी नाकारलेही नव्हते. पेन्रोजने मात्र मनातल्या मनात त्या खोलीतले टेबल खिडकीपाशी सरकवूनही ठेवले होते.

अशा वेळी लंडनहून लायोनेल फॅरंट आला.

वयाने तो पेन्रोजहून बराच लहान. एका नामवंत कचेरीत शिकलेला, हसतमुख, आणि हात असा की कागदावर रेघ ओढली तर बाकीचे आपापली कामे सोडून पाहायला येत. तो नकाशाबरोबर इमारतीचे एक रंगीत चित्र काढून देई. त्यात संध्याकाळचे आकाश असे, छत्री घेतलेली एखादी बाई असे, आणि कोपऱ्यात एक कुत्रा. मंत्रिमहोदयांना नकाशा कळत नसे. कुत्रा कळत असे. फॅरंटच्या इमारती त्यामुळे भराभर मंजूर होत.

पेन्रोजच्या पोटात तेव्हापासून जे दुखू लागले, त्यावर औषध नव्हते. फॅरंटच्या टेबलाभोवती माणसे जमली की तो पेन्सिलीला टोक करायला घेई आणि टोक मोडेपर्यंत करत राही. घरी, रविवारच्या प्रार्थनेहून परतल्यावर, दार लोटून तो कुत्रे काढण्याचा सराव करू लागला. बायको केझाया एकदा चहा घेऊन आत आली आणि कागदावर वाकली.

"मेंढी छान आलीय," ती म्हणाली.

"कुत्रा आहे तो."

"बरं. मग लोकर कातरून घे त्याची." तिने कप ठेवला. "एलायजा, तो लंडनचा पोरगा जेवताना घास कसा घेतो तेसुद्धा तू मला परवा सांगितलंस. माझ्या भावाच्या लग्नात कोण आलं होतं ते विचारलं तर तुला आठवत नाही."

"त्याचा इथं काय संबंध?"

"काही नाही. चहा गार होईल."

कोलिंडा या डोंगरावरच्या खाणींच्या गावाला नवे न्यायालय मंजूर झाले तेव्हा पेन्रोजने न सांगता एक कच्चा आराखडा तयार ठेवला होता. तो डॅल्गार्नोंपुढे ठेवायचे धैर्य तो गोळा करत असतानाच त्यांनी काम फॅरंटला देऊन टाकले. "आणि तपासायला तू," ते पेन्रोजला म्हणाले. "तुझ्या नजरेतून काही सुटत नाही रे. तो अजून कोवळा आहे."

नकाशे आले. पेन्रोजने ते आपल्या टेबलावर पसरले आणि चुका शोधायला बसला. ही गोष्ट त्याने स्वतःपासूनही लपवली नाही: तो चुका शोधायलाच बसला होता. पन्हळीचा उतार थोडा कमी होता. कैद्यांच्या जिन्याला एक पायरी जास्त होती. एवढेच. बाकी इमारत उत्तम होती, आणि जसजसा एकेक कागद उलटत गेला तसतसे त्याचे तोंड कडू होत गेले. दालनाची उंची नेमकी होती. साक्षीदाराच्या पिंजऱ्यापासून न्यायाधीशाच्या आसनापर्यंत आवाज कसा जाईल याचाही विचार केलेला होता. हे आपल्याला सुचले असते का, असा प्रश्न त्याच्या मनात आला आणि त्याने तो चटकन मिटवला.

मग त्याला त्या खिडक्या दिसल्या.

न्यायाधीशाच्या आसनासमोरच्या भिंतीत, प्रवेशदाराच्या वर, फॅरंटने पाच उंच खिडक्या ओळीने ठेवल्या होत्या. ती भिंत उत्तरेची होती. इंग्लंडात हाताने बारीक काम करणारा प्रत्येक जण, नकाशे काढणारा असो की चित्रकार, उत्तरेचा उजेड मागून घेतो. तिकडे उत्तरेला सूर्य कधी येतच नाही, म्हणून तो उजेड थंड आणि स्थिर असतो. पृथ्वीच्या या अर्ध्यात सूर्य उत्तरेकडूनच जातो. फॅरंटला हे ठाऊक नव्हते असे नाही. तो या विषयावर विनोदही करत असे. पण डोक्याला ठाऊक असलेली गोष्ट हाताला कळायला वर्षे लागतात, आणि त्याचा हात अजून लंडनमध्येच होता.

उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर असतो. तेव्हा काही बिघडले नसते. पण जून-जुलैच्या हिवाळ्यात तो भर दुपारीही खाली रेंगाळतो. त्याचे किरण त्या पाच खिडक्यांतून तिरके आत शिरणार, सगळे दालन ओलांडून जाणार, आणि पोहोचणार थेट न्यायाधीशाच्या डोळ्यांत. कोलिंडाचे सर्वात मोठे कामकाज जुलैत चालत असे. इमारतीचे उद्घाटनही तेव्हाच होणार होते, मंत्र्यांसमक्ष.

पेन्रोज बराच वेळ त्या भिंतीकडे पाहत राहिला. त्याने पन्हळीची आणि पायरीची दुरुस्ती लाल पेन्सिलीने दाखवली. तेवढ्यात फॅरंट टेबलापाशी आला.

"काय मिस्टर पेन्रोज, किती रक्त सांडलंत माझं?"

"दोनच ठिकाणी."

"दोनच? मग तुम्ही आजारी असाल." तो हसला, मग खाली वाकून जरा गंभीर झाला. "खरंच सांगा. आणखी काही राहिलंय का? इथलं ऊन-पाऊस तुम्हाला माझ्यापेक्षा कळतं."

खिडक्या त्या दोघांच्या मधोमध, उघड्या पडल्या होत्या.

"नाही," पेन्रोज म्हणाला. "चांगलं आहे." आणि चुकीत आपणही वाटेकरी ठरू हे ठाऊक असूनही त्याने आपली आद्याक्षरे घातली.

इमारत वर येत असता पेन्रोज अधूनमधून अगदी प्रसन्न असे. फॅरंटच्या टेबलाभोवती घोळका जमला की तोही जाऊन उभा राही, आणि कुत्र्याची वाखाणणीसुद्धा करी. केझायाला हे बरे वाटले नाही. "तू अलीकडे फार गोड झालायस," ती म्हणाली. "कोणाचं काही वाईट होणार आहे का?" त्याने पेस्टीचा, त्या मटण-बटाटा भरलेल्या करंजीचा, मोठा घास घेतला.

उद्घाटनाच्या वेळी पन्हळी तपासण्याचे निमित्त करून त्याने कोलिंडाला जाण्याची परवानगी काढली. लोहमार्ग संपला तिथून पुढे घोड्यांच्या गाडीने, चिखलातून, हाडे खिळखिळी करत तो वर पोहोचला. फॅरंट आधीच आला होता आणि चिंतेने त्याचे नाक लाल झाले होते. "धुकं बघा काय आहे," तो म्हणाला. "माझी इमारत कोणाला दिसणारच नाही." पेन्रोजने आकाशाकडे पाहिले. धुके विरळ होत होते. "दिसेल," तो म्हणाला.

दालन खचाखच भरले होते. शेगड्या धूर तेवढा देत होत्या, ऊब नाही. बोलणाऱ्याच्या तोंडातून वाफ निघत होती. मंत्री पहिल्या रांगेत शालीत गुरफटून बसले होते. न्यायाधीश कॉनडॉन आसनावर आले तेच लंगडत. संधिवाताने त्यांची बोटे आकड्यांसारखी वळली होती, आणि त्यांच्या तिरसटपणाची कीर्ती जिल्हाभर होती. पहिला खटला दोन खाणवाल्यांमधला, पाण्याच्या चरावरून. उलटतपासणी रंगात येत होती तोच धुके फाटले आणि पाचही खिडक्या एकदम पेटल्या. उन्हाचे पाच पट्टे दालनावरून सरकत गेले आणि न्यायाधीशांच्या आसनावर येऊन थांबले. त्यांनी डोळे मिटले. लेखणी खाली ठेवली. हात कपाळावर आडवा धरला.

पेन्रोजने मंत्र्यांकडे पाहिले. शेजारी फॅरंटचा चेहरा राखेसारखा झाला होता. त्याला त्या क्षणी कळले होते.

प्रतिवादीचे वकील उठले. "न्यायाधीश महाराज, या खिडक्यांमुळे आपल्याला स्पष्टच त्रास होतो आहे. ही इमारत कोणी—"

"खाली बसा," कॉनडॉन म्हणाले.

"पण महाराज, आपल्याला माझे अशील दिसतही नसतील."

"तुमचे अशील मी सकाळपासून पाहतोय. त्यांच्याकडे न पाहण्यानं माझं काही नुकसान होत नाही." दालन हसले. न्यायाधीशांनी कपाळावरचा हात काढला, दोन्ही पंजे समोर टेबलावर, उन्हात ठेवले, आणि हळूहळू बोटे उघडली. "या डोंगरावर मी दर हिवाळ्यात येतो, वकीलसाहेब. खालच्या जुन्या कोर्टात माझे पाय कोणी कापून नेले असते तरी मला पत्ता लागला नसता. आज पहिल्यांदा ही बोटं सरळ झालीत. कोणी हे ऊन बंद करायचा विचार बोलून दाखवला, तर तो न्यायालयाचा अवमान समजेन. चालू द्या."

उघड्या चेहऱ्याने, डोळे मिटून, उन्हात उजळलेल्या पांढऱ्या केसांच्या टोपात ते ऐकत राहिले. आणि लोक त्यांच्याकडे पाहत राहिले. पुढे कोलिंडात अशी आख्यायिका रुजली की त्या उजेडाला भिऊन एका खोट्या साक्षीदाराने तिथेच सत्य कबूल केले. तसे काही झाले नाही. साक्षीदार खोटेच बोलला आणि खटला तहकूब झाला. पण दालन सुंदर दिसले, हे मात्र त्या दिवशी हजर असलेल्यांपैकी कोणी नाकारले नाही, पेन्रोजनेही नाही.

त्या दुपारी हॉटेलात मटणाचे तुकडे चावत तो एकटा बसला असता मागच्या बाकावरचे खाणकामगार मोठ्याने बोलत होते.

"म्हातारा मांजरासारखा पसरला होता रे उन्हात!"

"आता दंड कमी करील बघ. ऊब मिळाली की माणूस मऊ होतो."

"तुझ्या बायकोला नाही लागू होत ते."

"गप. पण कोण हा इमारतवाला? सूर्याला आणून बसवलान खुर्चीवर, म्हणजे बघ!"

"फॅरंट म्हणून कोणी. लंडनचा आहे."

"बोलाव त्याला इकडे. पाजतो मी."

पेन्रोजने ताट दूर सारले. त्याच्या अंगाचा तिळपापड झाला होता, आणि ज्याच्यावर चिडावे अशी एकच व्यक्ती त्याला सापडत होती. ती म्हणजे तो स्वतः. एक शब्द बोलला असता तर त्या खिडक्या दक्षिणेला गेल्या असत्या आणि कोलिंडाला एक नीटनेटके, थंडगार, कोणाच्याही लक्षात न राहणारे न्यायालय मिळाले असते. फॅरंटला हे यश त्याने स्वतःच्या हाताने दिले होते.

मेलबर्नला परतल्यावर डॅल्गार्नोंनी त्याला आत बोलावले आणि दार लावून घ्यायला सांगितले.

"फॅरंट मला भेटून गेला," ते म्हणाले. "प्रामाणिक पोरगा आहे. म्हणाला, उत्तरेच्या खिडक्या ही माझी चूक, विलायतेची सवय. म्हणाला, हे श्रेय माझं नाही, पेन्रोजचं आहे."

"माझं?"

"मग काय! तुझ्या हातून पन्हळीचा उतार सुटत नाही, आणि पाच खिडक्या सुटतील? तू बघितलंस, ओळखलंस, आणि मुद्दाम तशाच ठेवल्यास. गाजावाजा न करता. दुसरा कोणी असता तर नाव लावून घेतलं असतं." म्हाताऱ्याने नाक शिंकरले, ते बहुधा भावनेमुळे असावे. "मी माझ्या जागेसाठी तुझी शिफारस करतोय. आणि हे बघ, यापुढे प्रत्येक न्यायालयाला ते ऊन हवं. मंत्री हटून बसलेत."

पेन्रोज उभाच होता. ज्या खुर्चीसाठी त्याने वीस वर्षे वाट पाहिली ती त्याच्यासमोर होती, आणि ती त्याला फॅरंट देत होता.

"आभारी आहे," तो म्हणाला.

केझायाला त्याने बातमी सांगितली तेव्हा ती आनंदली, मग त्याच्या चेहऱ्याकडे पाहून थबकली. त्याने सगळे सांगून टाकले. ती कणीक मळत होती. हात थांबले नाहीत.

"म्हणजे तू त्याचं वाईट चिंतलंस, त्याचं भलं झालं, आणि त्यानं तुझं भलं केलं."

"हो."

"आणि तुला राग त्याचा येतोय."

"हो!"

"मग जा आणि त्याला सांग. मला सांगून काय उपयोग? माझ्यावर थोडाच जळतोस तू."

दुसऱ्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत, कचेरीमागच्या बागेत फॅरंट एका बाकावर ब्रेड आणि थंड मटण खात बसला होता. पेन्रोज त्याच्यासमोर उभा राहिला.

"डॅल्गार्नोंना तुम्ही सांगितलंत ते खोटं आहे."

"कोणतं?"

"खिडक्या मला दिसल्या होत्या, हे खरं. पण त्या मी ठेवल्या त्या तुमचं हसं व्हावं म्हणून. जजनं भर कोर्टात डोळे चोळावे, मंत्र्यांनी कुजबुज करावी, आणि तुम्ही पुन्हा तोंड दाखवू नये, म्हणून."

फॅरंटचा घास तोंडातच राहिला. तो गिळायला त्याला वेळ लागला. मघापर्यंत त्याच्या चेहऱ्यावर असलेले हसू गेले, आणि ते गेल्यावर तो फारच तरुण दिसला.

"मी तुम्हाला विचारलं होतं," तो म्हणाला. "समोर उभा राहून विचारलं होतं."

"हो."

"मग आता तरी का सांगताय? खुर्ची तर मिळाली तुम्हाला."

"तुम्ही माझ्यावर उपकार करून मोकळे झालात, म्हणून. ते मला सोसत नाही."

फॅरंटने उरलेला ब्रेड कागदात गुंडाळला. "तर मग हेही ऐका. मी महिनाअखेर जातोय. एका बँकेची मोठी इमारत मिळालीय मला, शहराच्या मध्यावर. त्या खुर्चीत मी बसणारच नव्हतो. तेव्हा उपकाराचं ओझं फार मानू नका." हे लागावे म्हणूनच तो बोलला होता, आणि ते लागले. मग त्याने ब्रेडची पुडी खिशात घातली. "या खात्यात माझ्या कामाला सगळे छान छान म्हणाले. कुत्र्याला तर फारच. पण रेघ न् रेघ वाचली ती फक्त तुम्ही. एक विचारू? खिडक्या सोडा. बाकी इमारत कशी होती?"

पेन्रोजला उत्तर ठाऊक होते. पन्हळी आणि पायरी वगळता त्या नकाशात बोट ठेवायला जागा नव्हती. त्याने टोपी घातली आणि तो चालू लागला.

पुढच्या सगळ्या काळात पेन्रोज हा न्यायालयांच्या शाखेचा प्रमुख होता, आणि त्याची कारकीर्द म्हणजे फॅरंटची खिडकी होती. प्रत्येक गावाचे शिष्टमंडळ येई आणि तेच मागे. एका गावाला मिळाले की शेजारच्याला झोप येत नसे. "कोलिंडाला आहे, आमच्याकडे नाही, म्हणजे आम्ही काय सावलीतले?" असे एका नगराध्यक्षाने मंत्र्यांना तोंडावर विचारले. त्याच गावाचे, बारहॅम क्रीकचे, न्यायालय पेन्रोजने प्रमुख म्हणून प्रथम बांधले. आधी त्याने स्वतःच्या समजुतीप्रमाणे दक्षिणेचा शांत उजेड देऊन नकाशा काढला. मंत्र्यांनी तो परत पाठवला. त्याने नवा कागद घेतला.

पण त्या वेळी त्याने एक केले. फॅरंटच्या खिडक्या योगायोगाने जमल्या होत्या. ऊन हातांवर पडे तसे डोळ्यांतही जाई. पेन्रोजने सूर्याचा हिवाळी मार्ग मांडला, खिडक्यांचे माथे खाली आणले, बाहेरून दगडाची आडवी पट्टी पुढे काढली. कोलिंडात जे चुकून झाले होते ते इथे पूर्ण सुधारले जाईल, फॅरंटहून सरस होईल, या एकाच ईर्ष्येने तो कित्येक आठवडे त्या कागदावर वाकलेला होता.

जुलैत बारहॅम क्रीकचे कामकाज सुरू झाले तेव्हा फिरतीवर आलेले न्यायाधीश कॉनडॉनच होते. मधल्या सुट्टीत ते आसनावरच चहा पीत बसले. ऊन आले होते. ते छातीपर्यंत चढून थांबले. चेहरा सावलीत, हात उजेडात.

"कोलिंडाला डोळे मिटून बसावं लागतं," ते नगराध्यक्षांना म्हणाले. "लोक म्हणतात म्हातारा झोपला. इथं मी कागदही वाचू शकतो. कोणाचं काम हे?"

"फॅरंटसाहेबांचं, महाराज," नगराध्यक्ष अभिमानाने म्हणाले. "तशाच खिडक्या मागून घेतल्या आम्ही."

दोन पावलांवर पेन्रोज उभा होता. "खिडक्या त्यांच्या आहेत," तो म्हणाला. आवाज त्याच्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला आणि माना वळल्या. "ऊन माझं आहे."

कॉनडॉननी त्याला खालून वर न्याहाळले. "तुमचं?"

"हो, महाराज."

"मग उद्याही पाठवा. आणि आमच्या घरीही थोडं पाठवलंत तर बरं होईल, पाठ फार दुखते."

सगळे खो खो हसले, नगराध्यक्ष सर्वांत मोठ्याने. पेन्रोज हसला नाही. कोणी त्याचे नाव विचारले नव्हते, हे त्याच्या ध्यानात आले होते. पण त्याचे लक्ष न्यायाधीशांच्या गळपट्टीवर होते. उजेडाची कड तिथे, त्याने आखली होती तिथेच, स्थिर उभी होती, आणि फॅरंटने यायला हवे होते, एकदा येऊन हे पाहायला हवे होते, असे त्याला वाटत होते.